आर्किमिडीजला उत्तर सापडलं कसं? (पाइपचा तुकडा, चेंडू आणि एक खरवडलेली पोथी)

त्रिज्या

मी नगरपालिकेच्या शाळेत नववीला भूमिती शिकवते. गोलाचं घनफळ आलं की दरवर्षी तेच होतं. सूत्र फळ्यावर लिहायचं, मुलांनी वहीत उतरवायचं आणि खाली उदाहरणं. यंदा ठरवलं, आधी हाताने करायचं.

७५ मिमीचा पीव्हीसी पाइप आणला. आतून तो साधारण ७ सेंमी भरतो. त्यात घट्ट बसेल असा रबरी चेंडू बाजारात तीन दुकानं फिरून मिळाला. पाइपचा चेंडूच्या उंचीएवढाच तुकडा कापून घेतला आणि एका तोंडाला प्लास्टिकचा सपाट तुकडा एम-सीलने चिकटवला. हे झालं भांडं. ते काठोकाठ भरलं आणि एका मुलीला चेंडू तळापर्यंत दाबायला सांगितला. पाणी टेबलावरून सगळ्यांच्या वह्यांपर्यंत गेलं. चेंडू काढून आत पट्टी घातली, तर उरलेलं पाणी जेमतेम अडीच सेंमी. हिशेबाने २.३३ यायला हवं. म्हणजे चेंडूने तीनातले दोन भाग बाहेर घालवले आणि एक भाग राहिला.

मुलं खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, हे आपल्याला मोजून कळलं. पण मोजून अंदाजच कळतो ना? बरोब्बर दोन तृतीयांशच, हे त्या माणसाला कसं कळलं?"

या प्रश्नाने मला आठवडाभर धरून ठेवलंय, म्हणून हा धागा.

तो माणूस म्हणजे सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरातला आर्किमिडीज. जन्म इ.स.पू. २८७ च्या सुमारास, मृत्यू इ.स.पू. २१२ मध्ये, रोमन सैन्याने शहर घेतलं तेव्हा. सिराक्यूजचा राजा हिअरॉन आणि त्याचा मुलगा गेलॉन यांच्याशी त्याची जवळीक होती. विद्येचं मोठं केंद्र मात्र समुद्रापार अलेक्झांड्रियात. त्यामुळे त्याची बरीचशी पुस्तकं मुळात पत्रं आहेत. कोनॉन हा त्याचा तिथला जिवाभावाचा गणिती मित्र. कोनॉन गेल्यावर तो डोसिथिअसला पत्रं लिहू लागला. नवं प्रमेय सुचलं की आधी नुसतं विधान पाठवायचं आणि सिद्धता तिकडच्यांना शोधू द्यायची, अशी त्याची रीत. एकदा त्याने दोन चुकीची विधानंही मुद्दाम पाठवली होती. सगळं आम्हाला आधीच माहीत होतं म्हणणारे त्यात सापडावेत म्हणून! हे त्याने सर्पिलांवरच्या पुस्तकाच्या सुरुवातीला स्वतःच लिहून ठेवलंय.

गोल आणि त्याला घट्ट बसणारी वृत्तचिती (सिलिंडर, आपल्या पाइपचा आकार) यांचं २:३ हे नातं घनफळात आहे तसंच पृष्ठफळातही आहे (वृत्तचितीची दोन्ही झाकणं धरून). हे त्याला इतकं प्रिय होतं की थडग्यावर गोल आणि वृत्तचिती कोरा, असं त्याने आप्तांना सांगून ठेवलं. तसं ते कोरलंही गेलं. इ.स.पू. ७५ मध्ये रोमन वक्ता सिसेरो सिसिलीत अधिकारी म्हणून आला आणि त्याने थडग्याची चौकशी केली, तर सिराक्यूजची माणसं म्हणाली, असं काही इथे नाहीच. शेवटी त्यालाच काटेरी झुडपांतून डोकं वर काढलेला एक छोटा खांब दिसला, वर गोल आणि वृत्तचिती. विळे घेऊन माणसं आत शिरली, वाट मोकळी केली. खालच्या कवितेच्या ओळी जवळजवळ निम्म्या झिजल्या होत्या. मरून जेमतेम १३७ वर्षं झाली होती आणि गावाला पत्ता नव्हता, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

"कसं कळलं" याचं माझ्यापरीचं उत्तर नंतर लिहिते, ते जरा सविस्तर लिहावं लागेल. तोवर ज्यांना जे ठाऊक आहे ते इथे लिहा. ही चर्चा मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

कसोटी

ताई, धागा आवडला. आमची सराफी पेढी आहे, आजोबांपासूनची. त्यामुळे मुकुटाच्या गोष्टीबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. हिअरॉनने देवाला वाहायला सोन्याचा मुकुट करून घेतला. कारागिराने सोनं काढून तेवढ्याच वजनाची चांदी घातल्याचा संशय आला. आर्किमिडीज न्हाणीच्या टाकीत उतरला, पाणी सांडलं आणि तो ओरडत रस्त्यावर. ही गोष्ट व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुकाराने लिहिली, घटनेनंतर दोनशेच्या आसपास वर्षांनी. त्याच्या सांगण्याप्रमाणे मुकुट काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवला आणि किती पाणी सांडलं ते मोजलं.

आता सराफाच्या नजरेने बघा. मुकुट १ किलोचा धरू. शुद्ध सोन्याची घनता १९.३, म्हणजे आकारमान ५१.८ घन सेंमी. त्यात ३०० ग्रॅम चांदी असेल तर ६४.८. फरक १३ घन सेंमीचा. मुकुट बुडेल एवढं भांडं हवं, म्हणजे तोंड निदान २० सेंमीचं. एवढ्या तोंडाच्या भांड्यात १३ घन सेंमीने पाण्याची पातळी चढते ०.४ मिमी. पाणी काठावर फुगून उभं राहतं, ओला हात लागला तरी तेवढा फरक पडतो. यावर मी तरी कुणा कारागिराला चोर म्हणणार नाही.

पण हेच काट्यावर करा. एका पारड्याखाली मुकुट टांगा, दुसऱ्याखाली तेवढ्याच वजनाचं शुद्ध सोनं. हवेत काटा सरळ. आता दोन्ही पाण्यात सोडा. भेसळीचा मुकुट जास्त जागा घेतो, म्हणून पाणी त्याला जास्त उचलतं आणि ती बाजू १३ ग्रॅमने हलकी होते. १३ ग्रॅम म्हणजे तोळ्याहून जास्त, आंधळ्यालाही कळेल. गॅलिलिओने १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नेमकं हेच लिहिलं की आर्किमिडीजच्या तोलाच्या माणसाने ओबडधोबड सांडपाणी मोजलं नसणार, काटाच वापरला असणार. मला ते पटतं. त्याच्याकडे तरफेचा नियम होता आणि तरंगणाऱ्या वस्तूंचा नियमही होता. ते दोन्ही जोडले की हा काटा तयार.

आमच्याकडे आजही दगडावर कस लावून तेजाब फिरवतात, त्याने वरचा थर कळतो. आता यंत्र आलंय, क्ष-किरणांनी मिनिटभरात टंच सांगतं, तेही वरवरचंच. आतपर्यंतचं सांगतं ते पाणी. मात्र दागिन्यात लाख भरलेली असेल किंवा पोकळी असेल तर पाणीही फसवतं. आणि कुणी आत टंगस्टन घातलं, तर त्याची घनता सोन्याएवढीच असल्याने हा काटा हात टेकतो.

अवांतर: तोळ्याच्या ९६ गुंजा. आर्किमिडीजने पाय (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) काढायला ९६ बाजूंची आकृती घेतली असं शाळेत ऐकलं होतं. योगायोगच, पण लहानपणापासून डोक्यात बसलाय.

भटका दिवा

वाचनखूण साठवली आहे. एक विचारू का? आरसे धरून रोमन जहाजं जाळली, हे खरं का? लहानपणी चित्र पाहिलं होतं, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

जुनी पोथी

भटका दिवा, माझं मत: नाही. कारणं देतो.

सिराक्यूजचा वेढा इ.स.पू. २१४ ते २१२. रोमन सेनापती मार्सेलस. या वेढ्याचं सर्वांत जवळचं वर्णन पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराचं, त्याने ते पुढच्याच काही दशकांत लिहिलं. मग लिव्ही, मग प्लुटार्क. तिघांनी यंत्रांचं भरभरून वर्णन केलंय, पण आरशांचा एक शब्द नाही. दुसऱ्या शतकात ल्युशियन जहाजं जाळल्याचं म्हणतो, तेही आरशांचं नाव न घेता. आरसे येतात सहाव्या शतकात अँथेमिअसच्या लिखाणात (इस्तंबूलच्या हागिया सोफियाच्या दोन रचनाकारांपैकी हा एक), म्हणजे सातशेहून जास्त वर्षांनी. एवढी अचाट गोष्ट घडली असती तर पॉलिबिअसने सोडली असती का?

"शक्य आहे का" हा प्रश्न वेगळा. १७४७ मध्ये पॅरिसला ब्यूफाँने बरेच सपाट आरसे एका ठिकाणी रोखून लाकूड पेटवलं होतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी फूटभराचे १२७ आरसे लावून ३० मीटरवरच्या लाकडी जहाजाच्या नमुन्याला जाळ लावला. पण तो नमुना हलत नव्हता आणि आकाश निरभ्र व्हायची वाट पाहावी लागली होती. लाटेवर डोलणारं, ओल्या लाकडाचं, वल्ही मारत येणारं जहाज त्यासाठी थांबून राहणार नाही.

आणि खऱ्या यंत्रांपुढे आरशांची गरजच काय? तटावरून लाकडी बाहू बाहेर येई. त्याच्या टोकाच्या साखळीला लोखंडी पंजा. तो जहाजाची नाळ (पुढचं टोक) पकडे, आतल्या बाजूने तरफ दाबली की नाळ वर आणि जहाज शेपटावर उभं. मग पकड सुटे आणि जहाज आदळे किंवा पाणी भरून बुडे. दगडफेकीची यंत्रं लांब, मध्यम आणि अगदी जवळच्या पल्ल्याची वेगवेगळी. म्हणजे शत्रू यंत्राच्या टप्प्याच्या आत घुसला तरी त्याची सुटका नाही. प्लुटार्क म्हणतो की शेवटी रोमन सैनिक इतके धास्तावले की तटावर दोरीचा तुकडा किंवा लाकडाचा ओंडका दिसला तरी पाठ फिरवून पळत. मार्सेलसने चढाई थांबवली आणि नुसता वेढा घालून बसला. शहर पडलं ते तटावरच्या यंत्रांपुढे नव्हे. नागरिक उत्सवात दंग असताना एका रात्री रोमन शिड्या लावून वर चढले, पुढे आतल्या फितुरीनेही काम केलं.

त्याला मारू नका असा मार्सेलसचा हुकूम होता म्हणतात, तरी एका शिपायाने त्याला मारलं. प्लुटार्कने मृत्यूच्या तीन हकिकती दिल्यात. एकीत तो आकृतीत बुडालेला असतो आणि हे पुरं झाल्याशिवाय येत नाही म्हणतो. दुसरीत शिपाई तलवार उपसूनच येतो आणि हा त्याच्याकडे थोडासा वेळ मागतो. तिसरीत तो मार्सेलसकडे निघालेला असतो, हातातल्या पेटीत सूर्याचं मोजमाप करायची साधनं असतात, आणि शिपायांना वाटतं आत सोनं आहे. मला तिसरी सगळ्यात जास्त लागते.

पाणउपसा

मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर काम करतो. आमच्याकडे दोन आर्किमिडीज आहेत, म्हणजे स्क्रू पंप. आम्ही त्यांना नुसतं "स्क्रू" म्हणतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जाड पोलादी नळा, त्याभोवती जिन्यासारखा वर चढत गेलेला पत्रा, आणि हे सगळं तिरप्या काँक्रीटच्या पन्हळीत टेकवलेलं. तिरपेपणा तीस-पस्तीस अंशांचा. खालचं टोक पाण्यात. फिरवला की प्रत्येक वळणात पाण्याची एक ओंजळ अडकते आणि वर सरकत जाते. फेरे मिनिटाला तीस-चाळीसच. शेजारी उभं राहिलं की इंजिनासारखी घरघर येत नाही, नुसता ओहोळासारखा सपसप आवाज येतो.

आमच्या पाण्यात काय येत नाही? चिंध्या, प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या, चपला. साध्या पंपाच्या पंख्यात हे गुंडाळलं की पंप बंद, मग माणूस खाली उतरवा. स्क्रू सगळं पाण्यासकट वर आणून सोडतो. आवक कमी झाली तरी तो कोरडा जळत नाही, आहे तेवढं उचलतो. दुखणं एकच, खालचं बेअरिंग. ते पाण्याखाली असतं. मी आधी ज्या ठिकाणी होतो तिथे त्याचं ग्रीस दोन महिने कुणी पाहिलं नाही आणि ऐन पावसाळ्यात स्क्रू बसला. तीन रात्री आम्ही डिझेल पंपांवर काढल्या. दोष त्या यंत्राचा नव्हता, त्याला न विचारणाऱ्यांचा होता.

डिओडोरस नावाचा ग्रीक इतिहासकार म्हणतो की आर्किमिडीज इजिप्तला गेला असताना त्याने हा शोध लावला, आणि स्पेनच्या खाणींतलं पाणीही यानेच उपसत. आता उलटा वापरही चालतो. वरून पाणी सोडायचं, स्क्रू फिरतो आणि वीज मिळते. फेरे सावकाश असल्याने मासेही त्यातून जिवंत खाली उतरतात.

त्रिज्या

सगळ्यांचे मनापासून आभार. कसोटीदादा, ०.४ मिमीचा हिशेब उद्या फळ्यावर जाणार.

आता त्या मुलीचा प्रश्न. आर्किमिडीजचं एक पत्र आहे, अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनीसला (पृथ्वीचा परीघ मोजणारा तोच). त्यात तो सरळ सांगतो की मला ही उत्तरं आधी काट्यावर सापडली. पण तो काटा मनातला.

एक आडवी दांडी डोळ्यांसमोर आणा. मधोमध टेकू. टेकूच्या उजवीकडे दांडीवर तीन वस्तू ओवलेल्या आहेत असं समजा, तिन्ही टेकूपासून सुरू होणाऱ्या आणि तिन्हींची लांबी २. पहिला गोल, त्रिज्या १. दुसरा शंकू, टोक टेकूशी आणि पायाची त्रिज्या २. तिसरी मोठी वृत्तचिती, त्रिज्या २.

आता टेकूपासून क्ष अंतरावर तिन्हींना एकदम उभी सुरी लावा, काकडीच्या चकतीसारखी. गोलाच्या चकतीच्या त्रिज्येचा वर्ग येतो क्ष × (२ − क्ष). शंकूच्या चकतीचा क्ष × क्ष. दोन्हींची बेरीज करा, वर्ग वर्गाला खातो आणि उरतं फक्त २ × क्ष. किती साधं! वृत्तचितीच्या चकतीचा मात्र कुठेही कापा, ४.

गोल आणि शंकूच्या त्या दोन चकत्या उचलून टेकूच्या डावीकडे २ अंतरावर टांगा. तिकडचा भार गुणिले अंतर: २ × क्ष × २ = ४ × क्ष. उजवीकडे वृत्तचितीची चकती जागच्या जागी: ४ × क्ष. दांडी सरळ! आणि क्ष काहीही घ्या, सरळच राहते. म्हणून सगळ्या चकत्या मिळून, म्हणजे अख्खा गोल आणि अख्खा शंकू डावीकडे २ वर टांगला, तर उजवीकडची अख्खी वृत्तचिती त्यांना तोलून धरते. वृत्तचितीचा भार तिच्या मध्यावर, म्हणजे १ अंतरावर. म्हणून गोल आणि शंकू मिळून वृत्तचितीच्या निम्मे. शंकू तर तिचा एक तृतीयांश, हे आधीच माहीत होतं. निम्म्यातून एक तृतीयांश गेला, उरला एक षष्ठांश, तो गोल. ही वृत्तचिती आपल्या घट्ट पाइपच्या चौपट आहे, म्हणून पाइपच्या मानाने गोल चार षष्ठांश. दोन तृतीयांश. बरोब्बर.

मी हे रात्री स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पेन्सिलने केलं आणि "२ × क्ष" आल्यावर पेन्सिल खाली ठेवली.

इतकं करून तो म्हणतो, ही सिद्धता नव्हे. यामुळे उत्तर काय असेल ते कळतं, आणि उत्तर कळलं की सिद्धता शोधणं सोपं जातं. सिद्धता त्याने गोल आणि वृत्तचितीवरच्या पुस्तकात वेगळी दिली: याहून जास्त मानलं तरी विसंगती, कमी मानलं तरी विसंगती. त्याच पत्रात तो आपल्या आधीच्या डेमोक्रिटसला श्रेय देतो. शंकूचं एक तृतीयांश युडॉक्ससने सिद्ध केलं खरं, पण आधी विधान केलं डेमोक्रिटसने, त्याला विसरू नका, असं. आणि पुढे लिहितो की ही पद्धत मी उघड करतोय, कारण आजचे किंवा उद्याचे कुणी हिच्यामुळे मला न सुचलेली प्रमेयं शोधतील.

भटका दिवा

त्रिज्याताई, आत्ता डब्याच्या टोपणावर करून पाहिलं. अंगावर काटा आला.

जुनी पोथी

ताईंनी सांगितलेलं पत्र आपल्यापर्यंत पोचलं कसं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) कुणी लेखकाने चामड्याच्या पानांवर आर्किमिडीजची नक्कल उतरवली. १२२९ मध्ये एका धर्मगुरूला प्रार्थनांची पोथी लिहायची होती. चामडं महाग. त्याने ही जुनी पोथी उसवली, शाई खरवडली, पानं आडवी करून दुमडली आणि वर प्रार्थना लिहिल्या. गणित खाली, देवाचं नाव वर. त्या माणसावर मी रागावत नाही. प्रार्थनेची पोथी म्हणून मठात जपली गेली म्हणूनच ती वाचली.

१९०६ मध्ये डेन्मार्कच्या हायबर्ग या अभ्यासकाने इस्तंबूलला ती हातात घेतली आणि भिंगाने खालच्या पुसट ओळी वाचल्या. ते एराटोस्थेनीसला लिहिलेलं पत्र! त्याआधी शतकानुशतकं ते कुणी वाचलेलं नव्हतं. आजही त्याची दुसरी प्रत नाही. तरंगणाऱ्या वस्तूंवरचं पुस्तक मूळ ग्रीकमध्ये फक्त याच पोथीत आहे. नंतर पहिल्या महायुद्धापाठोपाठच्या धामधुमीत पोथी नाहीशी झाली. २९ ऑक्टोबर १९९८ रोजी न्यूयॉर्कमध्ये लिलावाला आली तेव्हा बुरशीने खाल्लेली होती, आणि चार पानांवर कुणी विसाव्या शतकात किंमत वाढवायला सोनेरी धर्मचित्रं रंगवली होती. नाव न सांगणाऱ्या एकाने २० लाख डॉलरला ती घेतली आणि बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयाकडे कामासाठी सोपवली. निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात फोटो काढून खालची अक्षरं वेगळी केली. चित्रांखालची पानं कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या कणप्रवेगकावर क्ष-किरणांखाली धरली, तेव्हा जुन्या शाईतलं लोह चमकलं आणि अक्षरं उमटली. सगळे फोटो २००८ मध्ये इंटरनेटवर फुकट टाकले. मी पाहिलेत. प्रार्थनेच्या काळ्या ओळींना काटकोनात, तांबूस, झिरझिरीत ओळी, आणि मध्येच पट्टीने काढलेली आकृती.

पहाटतारा

माझी भर, त्याच्या वाळूच्या पुस्तकातून. सगळं विश्व वाळूने भरलं तर किती कण मावतील हा प्रश्न त्याने गेलॉनसाठी घेतला. खसखशीच्या दाण्यात १०,००० कण, बोटाच्या रुंदीत ४० दाणे, अशी सुरुवात. ग्रीक अंकांची मजल दहा हजारांच्या पटींतच अडकायची, म्हणून त्याने मोठ्या संख्यांसाठी नवी नावं रचली आणि उत्तर काढलं: आपल्या भाषेत १ वर ६३ शून्यांपेक्षा जास्त नाही. सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी त्याच्याभोवती, हे ॲरिस्टार्कस या ग्रीक खगोलज्ञाचं म्हणणं आपल्याला मुख्यतः याच पुस्तकामुळे कळतं.

पण मला आवडतं ते सूर्याचं मोजमाप. सूर्य उगवताना तो डोळ्याला सोसवतो. लांब पट्टी क्षितिजाकडे रोखून तिच्यावर एक छोटी नळकांडी उभी करायची आणि सूर्य तिच्याआड जेमतेम झाकला जाईल, मग जेमतेम कडा दिसतील, अशा दोन जागा नोंदवायच्या. तेवढ्यात त्याला शंका येते की डोळा काही बिंदू नाही, बाहुलीला रुंदी आहे. मग तिच्यासाठीही दुरुस्ती करतो! उत्तर: काटकोनाच्या २०० व्या भागापेक्षा जास्त, १६४ व्यापेक्षा कमी. खरं मूल्य त्या दोन्हींच्या मधेच आहे. एक आकडा न सांगता दोन कुंपणं घालणं ही त्याची सवय. पायचंही तसंच: षटकोनापासून दुप्पट करत ९६ बाजूंपर्यंत, आणि ३ १०/७१ पेक्षा मोठा, ३ १/७ पेक्षा लहान.

कंदुक

आपल्याकडचा धागा इथे जोडतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) हेच दोन नियम एका श्लोकात आहेत. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचं पृष्ठफळ, "कन्दुकस्येव जालम्", चेंडूभोवतीच्या जाळीसारखं. त्याला व्यासाने गुणून सहाने भागलं की घनफळ. ताईंच्या चेंडूवर लावून बघा, तेच उत्तर येतं. सिद्धान्तशिरोमणीत ते गोलाच्या पृष्ठाचे आवळ्याच्या फाकांसारखे भाग पाडून समजावतात. चकत्या तिकडे, फाका इकडे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. खानदेशातल्या कुणी अजून पाहिला नसेल तर जाऊन यावं.

दुसरं. २२/७ ला भास्कराचार्य स्पष्ट "स्थूल", व्यवहारापुरतं म्हणतात आणि सूक्ष्म म्हणून ३९२७/१२५० देतात. हा आकडा कुठून आला ते कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी (ग्रहलाघवाचे कर्ते) १५४५ च्या लीलावतीवरील टीकेत सांगितलंय. बाजू दुप्पट करत १२ पासून ३८४ पर्यंत जायचं. आर्किमिडीज ९६ वर थांबला होता, हे त्याच वाटेने आणखी दोन पावलं पुढे गेले. त्यांना त्याचा पत्ता होता असं मी म्हणत नाही. वर्तुळाकडे नीट बघणाऱ्याला ती वाट दिसत असावी.

त्रिज्या

कंदुक, हे मला माहीत नव्हतं! नांदगाव आमच्या सहलीच्या रस्त्यावर आहे. आणि चेंडूच्या जाळीला तर फळ्यावर जागा द्यावीच लागेल.

डोलकाठी

बोटीवर इंजिनरूममध्ये आहे, नेट आलं की वाचतो. आम्ही माल भरताना बंदरातल्या पाण्याची बादली वर काढून हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) सोडतो. समुद्राचं पाणी १.०२५, खाडीत नदी मिसळली की त्याहून कमी. तेवढ्यानेच बोट कैक सेंटिमीटर खोल बसते, म्हणून खाडीत थोडी जास्त बसवून भरायची, बाहेर आली की आपोआप उचलली जाते. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते, या एका विधानावर पस्तीस हजार टन माल जातो. त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात कललेली वस्तू परत उभी कधी राहते आणि कधी उलटते, हे आहे. त्याने ते अन्वस्तापासून (पॅराबोला) घडलेल्या घुमटासारख्या आकारासाठी काढलं. बोटीच्या तोलाचा अभ्यास करताना ते वाचलं आणि मान झुकली.

कसोटी

काल पेढी बंद केल्यावर आजीची पाटली घेतली आणि करूनच पाहिलं. काट्याच्या हुकाला बारीक नायलॉनचा दोरा, खाली काचेच्या पेल्यात उकळून गार केलेलं पाणी. हवेत २४.६० ग्रॅम. पाण्यात पहिल्यांदा २३.१४ आलं, म्हणजे घनता १६.८. मन खट्टू झालं. आजीच्या पाटलीत खोट? मग टॉर्च मारून पाहिलं, तर नक्षीच्या खाचेत मोहरीएवढे बुडबुडे बसले होते. मऊ ब्रशने झटकले, पुन्हा सोडली. २३.२१. घट १.३९ ग्रॅम, घनता १७.७. बावीस कॅरेटचं सोनं तांबं-चांदीच्या प्रमाणानुसार १७.६ ते १८ च्या दरम्यान येतं. पाटली चोख आहे. ज्या कारागिराने ती घडवली त्याचं नाव घरात कुणाला आठवत नाही.

त्रिज्या

दादा, तो काटा एक दिवस शाळेत आणाल का? मुलांना बुडबुडे दाखवायचेत.

कसोटी

शनिवारी सकाळची शाळा असते ना? साडेसातला येतो. पेला मोठा काचेचाच ठेवा, स्टीलच्यात आतलं दिसत नाही.